रद्द केलेलं वजन

कुत्र्याचं वजन दुप्पट लिहून परिचारिकेला काय मिळणार होतं? भावजींनी मनातल्या मनात हिशेब मांडला. बढती नाही, शाबासकी नाही. उलट हातची नोकरी जाणार, आणि डॉक्टरांनी लेखी तक्रार पाठवली की पुन्हा कुठल्याच दवाखान्यात जनावराला हात लावायला मिळणार नाही. हिशेब जुळेना. तरी ते कुजबुजले, "वहिनी, हिनंच केलंय. नोंदीत नाव हिचंच आहे."

"भावजी, तुम्हाला पाटी दिसली की घर सापडलं असं वाटतं."

वहिनींचा खासगी तपासाचा व्यवसाय. त्यांचे धाकटे दीर भावजी निवृत्त झाल्यापासून सोबत यायचे. मदतीला, असं ते स्वतः म्हणत.

प्राण्यांच्या दवाखान्यात आज एका म्हाताऱ्या कुत्र्याला भूल दिली होती. भुलीचं औषध वजनावर ठरतं. संगणकात चौदा किलोंचे अठ्ठावीस झाले होते, औषध दुप्पट गेलं, आणि कुत्रा अजून जाळीमागे निपचित पडला होता. परिचारिका त्याच्या कोरड्या जिभेवर ओल्या कापसानं पाणी टिपत होती.

"ताई, नोंद बदलली तेव्हा तुम्ही काय करत होतात?" वहिनींनी विचारलं.

"मांजरीच्या टाक्यांची नोंद. माझ्या नावानं आत गेले, लिहिलं, 'जतन' दाबलं. कुत्र्याचं पान मी उघडलंसुद्धा नाही."

"त्याआधी संगणकावर कोण होतं?"

"मी," डॉक्टर म्हणाले. "मालकाला समजावत होतो. म्हटलं, याचं खाणं आवरा. समजा हा अठ्ठावीस किलोंचा झाला, तर भूल किती लागेल बघा. आकडा टाकून दाखवला आणि लगेच 'रद्द' दाबलं. ही मागेच उभी होती. तोच आकडा उचलला असणार!"

भावजींनी जोरात मान डोलावली.

"मधे प्रोग्रॅम बंद केला होता?"

"छे! सकाळी उघडतो तो संध्याकाळी मिटतो. मधे फक्त माणसं आपापल्या नावानं आत-बाहेर करतात." डॉक्टरांचा आवाज एकदम मऊ झाला. "आमच्या जावईबापूंनी केलाय हो, हौसेनं."

जावईबापू खुर्ची ओढून पुढे आले. "प्रोग्रॅमला कुत्रा कळतो तो अख्खा. नाव, वजन, मालक, सगळं एकत्र. नोंदी साठवणाऱ्या डेटाबेसला कळतात फक्त तक्ते आणि ओळी. म्हणून मधे ओआरएम बसवलाय. दुभाष्याच म्हणा. कुत्र्याची ओळ करतो, ओळीचा पुन्हा कुत्रा करतो. काय बदललंय ते त्याला सांगावंही लागत नाही. जतन करायची वेळ आली की स्वतः ओळखून लिहितो."

"वा!" वहिनींचे डोळे चमकले. "न सांगता काम ओळखणारा. आमच्याकडे असा एखादा हवा होता."

भावजींनी छताकडे पाहिलं.

"कुत्र्याचं वजन आणि मांजरीचे टाके, दोन्हींची वेळ दाखवा बघू."

दोन्ही नोंदी एकाच सेकंदाच्या होत्या.

"हात चपळ आहे बाईचा," भावजी म्हणाले.

"दोन जनावरांची दोन पानं, एका सेकंदात? तुम्हाला एक बटण लावायला अर्धा तास लागतो." वहिनी डॉक्टरांकडे वळल्या. "त्या पिंजऱ्यातल्या सशाचं पान उघडा. वजन चाळीस किलो टाका. आता रद्द."

डॉक्टरांनी केलं.

"जावईबापू, आता तुम्ही तुमच्या नावानं आत जा. मांजरीची कसलीही नोंद करा, जतन करा. मग प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा."

ससा चाळीस किलोंचा झाला होता. बदल करणारा: जावई.

भावजी म्हणाले, "पण यांनी तर सशाला हातही लावला नाही!"

"ताईंनी तरी कुत्र्याला कुठे लावला होता? रद्दनं फक्त पान मिटलं. दुभाष्याच्या हातातला कुत्रा अठ्ठावीस किलोंचाच राहिला. ताईंनी मांजरीसाठी जतन म्हटलं, तेव्हा त्यानं हातात होतं ते सगळं लिहिलं, आणि आत जो होता त्याचं नाव लावलं. एकाच दमात, म्हणून सेकंदही एकच. डॉक्टरांना वाटलं, पडद्यावरचा कुत्रा म्हणजे कच्चा कागद. दुभाष्याला तो खराच कुत्रा."

"म्हणजे दोष त्या दुभाष्याचा," डॉक्टर घाईनं म्हणाले.

"मुळीच नाही. या खोलीत त्याच्याइतकं चोख काम कुणी केलं नाही. तुमचं 'समजा' त्याच्यापर्यंत कुणी पोचवलंच नाही, एवढंच."

जावईबापूंचे कान लाल झाले. "रद्द केल्यावर मूळ ओळ पुन्हा वाचायला हवी होती. आणि माणूस बदलला की दुभाष्याही नवा हवा, कोऱ्या हातांचा. चुकलं माझं, बाबा."

"माझंही," डॉक्टर हळूच म्हणाले. "चौदा किलोंचं जनावर समोर असताना मी पडद्यावर विश्वास ठेवला."

त्यांनी तक्रारीचा कागद फाडला आणि परिचारिकेची माफी मागितली, तीही जावयादेखत. हे त्यांना भलतंच महाग पडलं. जावईबापूंचे पुढचे रविवार प्रोग्रॅम दुरुस्त करण्यात गेले. भावजींना घरी पोचेपर्यंत पाटीवरून टोमणे ऐकावे लागले. पण सगळ्यात जास्त किंमत मोजली ती कुत्र्यानं, आणि त्याची तक्रार नव्हती. संध्याकाळी त्यानं डोळे उघडले, मान जड होती तरी ओढत नेली, आणि परिचारिकेच्या ओला कापूस धरलेल्या हातावर टेकवली.