विषय : पोटगी

सुनीतीने मागवली होती पोटगी, आणि तीन आठवडे येत होती लिफ्ट.

तिचे सीनियर, सदाशिव पेठेतले शरच्चंद्र परचुरे वकील, यांनी मोठ्या हौसेने ही नवी ईमेल-सेवा घेतली होती. हायकोर्टाचा नवा निकाल लागला की तो वाचायचा, सहा ओळींत त्याचा सारांश लिहायचा आणि ज्याने त्या विषयाला नाव नोंदवलंय त्याला पाठवायचा, असं त्या कंपनीचं काम. सुनीतीने विषय लिहिला होता : मेंटेनन्स. आणि येत होते सोसायट्यांच्या लिफ्टचे, गळक्या टाक्यांचे, एकदा तर गच्चीवरच्या कुत्र्याचे निकाल. शेवटी ती स्कूटी काढून बिबवेवाडीला, कंपनीच्या दोन खोल्यांत जाऊन थडकली.

निकालांना विषय लावणारा तिथे एकटाच होता. सुदर्शन ढोके, अकोल्याचा. कॉम्प्युटर शिकून पुण्यात आलेला.

“मेंटेनन्स म्हणजे पोटगी,” ती म्हणाली. “टाकलेल्या बायकांची. पाण्याच्या टाक्यांची नव्हे.”

तो थक्क झाला. हळूहळू त्याचे कान लाल झाले. ते बघून सुनीतीला हसू आवरेना.

“तुम्ही... हसून काहून राहिल्या?”

त्या ‘काहून’ने घात केला म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी खरी पोटगी आली. सारांशाखाली एक जादा ओळ होती – माफीची. मग रोजच तशी ओळ यायला लागली. ‘आजचा निकाल वाचून जेवण गेलं नाही. तुम्ही जेवलात?’ सुनीती जेवलेली असली तरी उत्तर द्यायची. पुढे शिवाजीनगर कोर्टाबाहेर उसाचा रस सुरू झाला. ती टोमणे मारायची, तो ऐकून घ्यायचा आणि दोन मिनिटांनी, एकदम, हसायचा. त्या उशिराच्या हसण्यावर तिचा जीव जडला.

पाच महिन्यांनी तिने घरी सांगितलं. अकोला फार लांब, असं तिचे वडील म्हणाले, जसं काही त्यांनाच नांदायला जायचं होतं. तरी रविवारी पोह्यांना बोलवा म्हणाले. सुनीती हवेत होती.

शुक्रवारी सकाळी मेल आला. खाली जादा ओळ नव्हती.

‘भाग्यश्री ढोके विरुद्ध सुदर्शन ढोके, अकोला.’

तिने तो तीनदा वाचला. नावाचा दुसरा कुणी असेल... पण वय तेच, गाव तेच, आणि पती सध्या पुण्यात, कॉम्प्युटरच्या नोकरीत. लग्न चार महिने टिकलेलं. खालच्या कोर्टाने नाकारलेला घटस्फोट पत्नीला मंजूर. तिने पोटगी नको म्हटलं, म्हणून निकाल या विषयाखाली. आणि शेवटची ओळ : ‘लग्नाआधी मुलीची मर्जी कुणी विचारली नाही, पतीनेही नाही, असे कोर्टाने नमूद केले आहे.’

परचुरे वकील काहीतरी विचारत होते, ते तिला ऐकूच आलं नाही. तिने अकरा पानांचा पूर्ण निकाल उघडून वाचला आणि स्कूटीला किल्ली लावली.

“हे तुम्हीच?”

“मीच.” तो उभा राहिला.

“म्हणजे गेल्या आठवड्यापर्यंत तुम्ही कुणाचे तरी नवरे होतात. आणि माझ्याबरोबर रस पीत होतात.”

“हो. सांगायला तोंड उघडायचो... तुम्ही हसायच्या, मग धीर व्हायचा नाही. भित्रेपणाच तो.”

त्याने सारवासारव केली नाही, याचाच तिला जास्त राग आला. भाग्यश्री कुठे असते, तिने विचारलं. नागपूरला नर्सिंग शिकते, तो म्हणाला. तिला तेच करायचं होतं, लग्न नव्हतंच करायचं.

“निकाल तुमच्याच टेबलावर आला. दाबून ठेवता आला असता.”

“आला असता. पण तोंडी सांगितलं असतं ना, तर मी थोडं बरं करून सांगितलं असतं.”

‘पतीनेही नाही’ हे पूर्ण निकालात नवव्या पानावर, एका लांबलचक वाक्याच्या पोटात होतं. गाळलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. त्याने ते उचलून शेवटी, ठळक ठेवलं होतं.

“तिला मी विचारलं नव्हतं,” तो म्हणाला. “तुम्हाला विचारतो. माझ्याशी लग्न कराल? नाही म्हणालात तरी... निकाल वेळेवर येतील.”

घरी नोकरी विचारून झाली होती, गोत्र विचारून झालं होतं. तुला काय हवंय, हे तिला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. तिला स्वतःलाही ते आत्ताच कळत होतं.

राग मात्र जागच्या जागी होता. तिने पर्स उचलली आणि दारात वळली.

“रविवारी बाबांना हे सगळं स्वतः सांगायचं. पोह्यांच्या आधी.”

“म्हणजे... या म्हणता?”

“ये म्हणते.”

आणि स्वतःच्याच तोंडचा तो एकेरी शब्द ऐकून ती उंबऱ्यावर थिजली. पाच महिन्यांत तिने त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

दोन मिनिटांनी आतून तो हळूच म्हणाला, “पुन्हा एकदा म्हण ना.”