घरच्या माणसाला लायसन्स लागत नाही

इंग्लंडमध्ये लीड्सबाहेर डॉ. पद्माकर सबनीसांनी हौसेनं घेतलेल्या शेतात, बांधाच्या दगडी भिंतीशी, शेजारचा हॉलरॉइड मरून पडला होता. छातीत बंदुकीचे छर्रे. १९९१चा नोव्हेंबर. आठवडाभराच्या पावसानं नांगरटीचा नुसता राडा झाला होता.

सार्जंट मंजिरी कर्वे ओला चिखल तुडवत घराशी आली. इथेही मराठी घराची शिस्त, पादत्राणं पोर्चमध्येच. तिनं बूट काढले. रॅकवर डॉक्टरांचे चिखलानं बरबटलेले गमबूट होते, शेजारी चकचकीत काळे बूट.

"बार कोणी काढला?"

"मी," डॉक्टरांचा मुलगा यशोधन म्हणाला. तो लीड्सच्या हॉस्पिटलात नुकताच डॉक्टर म्हणून लागला होता. "बाबांचा गन होता. ससा दिसला, मी फायर केला. हॉलरॉइड भिंतीमागे होता, आय डिडन्ट सी हिम."

"बंदुकीचं सर्टिफिकेट, म्हणजे लायसन्स, आहे तुझ्याकडे?"

"त्याला लागत नाही," डॉक्टर मध्येच म्हणाले. "जमीन माझी, बंदूक माझी, मी शेजारी उभा. कायद्यानं सूट आहे. अपघात आहे गं हा. तू तर आपलीच मुलगी!"

प्रेत बाहेर पडलेलं आणि यांना कायदा तोंडपाठ! मंजिरीला ते खटकलं.

"यशोधन, शेतात पायात काय होतं?"

त्यानं वडिलांकडे पाहिलं. "माझे शूज. ते ब्लॅक."

मंजिरीला गलबलून आलं. पोरगा डॉक्टरकी पणाला लावून धडधडीत खोटं बोलत होता.

"त्या बुटांवर चिखलाचा ठिपकाही नाही. हा शेतात गेलाच नाही, डॉक्टर. हॉलरॉइडशी तुमचं बांधावरून भांडण होतं, त्याची तक्रार आमच्याकडे आहे. बार तुम्ही काढलात. तुमच्यावर खुनाचा संशय आला असता, नवख्या मुलाच्या हातून झाला तर अपघात. म्हणून आधी याला बोलावलंत, मग आम्हाला. पण घराच्या सवयीनं यानंही बूट दारातच काढले, आणि त्यांनीच तुम्हाला उघडं पाडलं."

"खोटं आहे!"

"अहो, पुरे!" स्वयंपाकघराच्या दारातून डॉक्टरांच्या पत्नी सुप्रभाबाई रडत म्हणाल्या. "बार मी आठला ऐकला. हा आला दहाला. पोटच्या पोराला पुढे केलंत?"

डॉक्टरांनी रॅकवरच्या गमबुटांकडे पाहिलं.

"बाबा, मी कोर्टातपण हेच बोललो असतो," यशोधन म्हणाला.

"ठाऊक होतं," डॉक्टर पुटपुटले. "म्हणूनच तुला फोन केला."