नखाखालचं हिरवं

पहाटे साडेपाचला ती मैदानाच्या फाटकातून आत शिरली आणि जागीच थबकली. कुंपणाकडेच्या तिच्या झुडपांपाशी कुणीतरी वाकलेलं होतं.

"कोण आहे?" आवाज दरडावून काढायचा होता, निघाला चिमणीएवढा.

तो दचकला, हातातला पाइप निसटला आणि पाण्याचा फवारा थेट तिच्या अंगावर आला. हा तर मैदान राखणारा! सीमारेषेच्या दोरीच्या आतलं गवत त्याचं, बाहेरची झाडं तिची. दोन वर्षांत दोघांचं बोलणं 'नमस्कार'च्या पुढे गेलं नव्हतं. नजरांचं मात्र विचारू नका.

"भिजलात तुम्ही…"

"माझं सोडा. हे कधीपासून चाललंय?"

"नऊ दिवस," तो मान खाली घालून म्हणाला.

तिने आधी जाऊन नळ बंद केला. इथल्याच मातीतली निर्गुडी तिने मुद्दाम निवडली होती. पहिल्या वर्षी पाणी द्यायचं, दुसऱ्या उन्हाळ्यात हात आखडता घ्यायचा, म्हणजे मुळं ओलाव्यासाठी खोल जातात. पानं गाळून झोपलेल्या झाडाला रोज पाणी पाजलं तर मुळं कुजायचीही भीती. आणि आज आठला मैदानाची समिती पाहणीला येणार होती. झाडं मेलेली निघाली तर सगळी उपटून लॉन अंथरणार, आणि तिला घरचा रस्ता.

"मला वाटलं, वाळली," तो पुटपुटला. "ती गेली की तुम्हीही जाणार… मग दुसरं काही सुचेना."

"मला विचारायचं होतं."

"विचारायला तुमच्यासमोर उभं राहावं लागतं. तिथे माझ्या तोंडाला कुलूप लागतं."

एरवी ती हसली असती. आता तिला रडूच येत होतं. "खरं सांगू? नखाने साल खरवडली की कळतं. आत हिरवं असेल तर झाड जिवंत. महिनाभर मी रोज संध्याकाळी येते आणि नख न लावताच परत जाते… भीती वाटते."

"आता लावा. मी आहे ना."

तिने शेंड्याजवळ खरवडलं. तपकिरी. दुसऱ्या फांदीवरही तपकिरीच. तिने हात मागे घेतला.

"बुंध्याशी बघा," तो गुडघ्यांवर बसत म्हणाला. "गवत वरून पिवळं पडलं तरी मी आधी मुळाशी बघतो."

तिचं बोट सालीपाशी अडलं, म्हणून त्याने ते धरलं. दोघांनी मिळून साल खरवडली… आत हिरवी, ओलसर रेघ होती.

आठला समितीचे अध्यक्ष आले. काटक्यांकडे बघून त्यांनी नाक मुरडलं. "हे तर सरपण झालंय."

बोलला तो, तोंडाला कुलूप लागणारा.

"साहेब, बुंध्याला नख लावून बघा."

अध्यक्षांनी तीन झाडं खरवडली. तिन्ही हिरवी निघाली. "महिनाभर थांबू," म्हणत ते बोटं पुसत निघून गेले.

"आजपासून पाणी बंद," ती म्हणाली.

"मग पहाटे कशाला येऊ?"

"नख लावायला. रोज एका झाडाला." ती थांबली. "मुळं कुजली की नाही, ते महिन्याने कळेल. मला अजून भीती वाटतेय."

"मलाही. झाडांची… आणि तुमचीही."

तिने त्याचा मातीने भरलेला हात हातात घेतला.

"मग उद्या साडेपाचला या," ती म्हणाली. "एकटीने घाबरायचा मला कंटाळा आलाय."