प्लोवदिवचा होकार

"ही ताजी आहे का?" काउंटरपलीकडच्या उंच पाहुण्याने विचारलं, आणि झोर्नित्साने मान हलवली... डावीकडे, उजवीकडे. बिचाऱ्याने हातातली चीज भरलेली खारी, बानित्सा, परत ताटात ठेवली.

"अहो, ताजीच आहे म्हणतेय मी!" ती हसू दाबत म्हणाली. "आमच्याकडे 'हो' असंच म्हणतात."

"आणि 'नाही'?"

तिने मान वर उडवून 'च्च' केलं, तसा तो खो-खो हसला. "मग काही माझी धडगत नाही!"

हा पाहुणा, येले, नेदरलँड्सचा. नाटकांना, जलशांना दिवे लावणारा. युरोपात दरवर्षी कुण्या शहराला सांस्कृतिक राजधानीचा मान मिळतो. मान जिथे, तिथे येले. त्या वर्षी झोर्नित्साच्या गावाची, प्लोवदिवची, पाळी होती. गाव हळद लागल्यासारखं मिरवत होतं आणि झोर्नित्साचंही चित्त थाऱ्यावर नव्हतं. सकाळी दुकानात चेष्टामस्करी, संध्याकाळी टेकडीवर हातात हात... आई म्हणायची, "पाहुण्याला एवढा जीव लावू नये गं." ऐकतंय कोण!

पानगळीपर्यंत येलेला आईच्या मानेचीही भाषा कळू लागली. नवे सोबती गोंधळले, की हाच ऐटीत सांगायचा, "मान हलली म्हणजे हो रे, बावळटांनो!"

डिसेंबरात वर्षाचा समारोप झाला. ढोल, कर्णे, माणसांचा पूर... त्या गलक्यात त्याने तिच्या कानाशी ओठ नेले. "उद्या आयर्लंडला निघतोय. पुढची राजधानी तिकडे. येशील... माझ्यासोबत?"

 त्या ढोलांत शब्द कुठला ऐकू जाणार! तिने नुसती मान हलवली — डावीकडे, उजवीकडे, पुन्हा पुन्हा.

"समजलं," तो म्हणाला. तिच्या कपाळावर ओठ टेकवून गर्दीत दिसेनासा झाला. दिवे उतरवायला गेला असेल, असं तिला वाटलं. घरी येऊन तिने बॅग भरली.

सकाळी त्याची खोली रिकामी होती. मोबाइलवर निरोप होता: 'तू नाही म्हणालीस. मी समजू शकतो.'

"अगं, नुसता घोटाळा झालाय! फोन कर त्याला," आई म्हणाली.

तिने केला. पलीकडे विमानतळावरच्या घोषणा ऐकू येत होत्या.

"येले, मी हो म्हणाले होते."

 तो हलकेच म्हणाला, "माहीत होतं मला."

"मग?"

"न विचारता निघणं बरं दिसेना म्हणून विचारलं, झोर्नित्सा... तू हो म्हणशील असं वाटलं नव्हतं."

"भित्रा कुठला!" ती म्हणाली, आणि आजवर कधी नव्हे तो फोन तिने आधी ठेवला. मग मात्र तिला रडू आवरेना.