उलटा शिवलेला जुज

मार्था आढाव शाळेच्या मागच्या खोलीत शिरली ती बालवर्गासाठी थोडी खळ मागायला. पाहते तर काय, एक माणूस कोऱ्या करकरीत पुस्तकाच्या पाठीवर सुरी चालवत होता.

"अहो, हे काय करताय?" असं म्हणत तिने पुस्तक त्याच्या हातातून ओढूनच घेतलं.

त्याने मान वर केली. त्याच्या भुवईला खळ लागून वाळली होती, त्यामुळे एक भुवई सतत आश्चर्यात असल्यासारखी दिसत होती.

"रणपिसे सरांचा हुकूम आहे," तो शांतपणे म्हणाला. "पुण्याच्या दुकानात भूमितीची ही एकच प्रत उरली होती. मॅट्रिकला बसणारे आपण सहा जण. म्हणून पुस्तकाचे सहा भाग करायचे."

"आपण?"

"पाच तुम्ही लोक. सहावा मी."

मार्थाने पुस्तक परत दिलं. दिलं म्हणजे काय, टेबलावर ठेवलं आणि खळ न घेताच निघाली. दारापर्यंत गेल्यावर मागून आवाज आला, "आढावबाई... खळ राहिली." आपलं नाव याला ठाऊक आहे, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. त्या दिवशी बालवर्गातली अर्धी चित्रं उलटी चिकटली.

ही गोष्ट एकोणीसशे पंचवीस सालच्या श्रावणातली. लोणावळ्यात चर्चच्या मागे पत्र्याच्या लांबट इमारतीत ही ख्रिस्ती शाळा भरायची. चाळीस-पंचेचाळीस मुलं, चार मास्तर आणि रणपिसे हेडमास्तर. मार्था वीस वर्षांची होती. सकाळी बालवर्गाला शिकवायची आणि दुपारी मॅट्रिकच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसायची. आईवडील लहानपणीच गेले. वाढवलं ते शालूबाई मावशीने, जी बोर्डिंगातल्या मुलांचा स्वयंपाक करायची. आणि तो होता शांतवन भालेराव, जवळच्या कान्हे गावचा, तेवीस वर्षांचा. पुण्याच्या छापखान्यात पुस्तकबांधणी शिकलेला. शाळेची पुस्तकं बांधायची आणि त्या बदल्यात वर्गात बसायचं, असं त्याचं सरांशी ठरलं होतं. या शाळेतून आजवर एकही मुलगी कॉलेजात गेली नव्हती, आणि कुणी बाइंडरही. दोघांनाही जायचं होतं.

सोळा-सोळा पानांची एकेक गड्डी, तिला बांधणीवाले जुज म्हणतात. शांतवनने पुस्तक उसवून जुजांच्या सहा वाटण्या केल्या. दर शनिवारी प्रार्थना संपली की आपला भाग यादीतल्या पुढच्या माणसाला द्यायचा. यादीत शांतवनच्या खाली मार्थाचं नाव होतं. चर्चमध्ये, म्हणजे मंडळीच्या भाषेत मंदिरात, पुरुष डावीकडे आणि बायका उजवीकडे बसायच्या. त्यामुळे तो उठताना जुज बाकाच्या टोकाला ठेवायचा आणि ती जाताना उचलायची. सगळ्या मंडळीच्या देखत, आणि तरी कुणाच्या नजरेत न येता.

पहिल्या शनिवारी तिला समासात शिसपेन्सिलीने लिहिलेलं दिसलं: 'हा सिद्धांत मला कळलेला नाही. कुणाला कळल्यास सांगावे.'

तिने खाली सगळी सिद्धता नीट लिहून काढली आणि शेवटी एक ओळ टाकली: 'सुरी चालवण्याआधी वाचायला हवं होतं.'

सहा आठवड्यांनी तो भाग फिरून पुन्हा तिच्याकडे आला, तेव्हा त्याखाली उत्तर होतं: 'सुरी चालवली म्हणून तर तुम्ही आत आलात.'

मार्थाने जुज मिटला. मग पुन्हा उघडला, आणि ती ओळ तशीच आहे की नाही ते पाहिलं. होती.

मग काय विचारता. समास भरत चालले. मधल्या चार मुलांना त्यातलं काय कळलं असेल ते असो. ती बिचारी त्रिकोण आणि वर्तुळांत बुडालेली होती. मार्था लिहायची, 'धुक्यात फळा दिसत नाही.' तो लिहायचा, 'मला मागचं बाक दिसतं, तेवढं पुरे.' एकदा तिने जुजात प्राजक्ताचं फूल ठेवलं. ते सगळ्यांच्या हातून फिरून त्याच्यापर्यंत कसं पोचेल, हा विचार तिला जुज पुढे दिल्यावर सुचला. आठवडाभर तिला धड जेवण गेलं नाही. फूल मधेच कुठेतरी गळून पडलं असावं, पण पानावरचा केशरी डाग पोचला. शांतवनने त्याच्याभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढून लिहिलं होतं: 'केंद्र सापडलं.'

नाताळच्या आदल्या आठवड्यात ते पाण्याच्या टाकीपाशी समोरासमोर आले. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"दोघंही पास झालो तर..." तो म्हणाला आणि थांबला.

"तर?"

"तर पुण्याला एकाच गाडीने जाता येईल."

"आणि एकच पास झालं तर?"

"तर दुसऱ्याने स्टेशनवर यायचं. रुमाल धुऊन आणायचा."

ती हसली. पण घरी येईपर्यंत ते हसू उतरलं होतं. तिला आता नुसतं कॉलेज नको होतं. तिला ती एकच गाडी हवी होती.

मावशीच्या नजरेतून काय सुटणार? संध्याकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "काय गं, समदी शाळा त्येला शांतवनभाऊ म्हणती. पोरं म्हणत्यात, मास्तर म्हणत्यात, मी म्हणती. तुज्या तोंडून कदी भाऊ आलं न्हाई."

"आलं असेल की."

"न्हाई आलं. मी लय दिस कान देऊन हाय."

मार्थाने चुलीत आणखी एक लाकूड सारलं. चुलीजवळ बसली होती म्हणून बरं, गाल लाल झाल्याचं खापर विस्तवावर फोडता आलं.

मार्चमध्ये पुण्याला जाऊन सहाही जण परीक्षा देऊन आले. जूनच्या सुरुवातीला निकाल लागला. रणपिसे सरांनी वर्तमानपत्रातून नंबर शोधून मोठ्याने वाचले. मार्था पास. चारांतली तीन मुलं पास. सरांनी पान उलटलं, पुन्हा मागे आणलं, चष्मा पुसला आणि आणखी एकदा पाहिलं. शांतवनचा नंबर नव्हता. मागाहून कळलं की बाकी सगळं उत्तम होतं. गडी इंग्रजीत सात गुणांनी गेला होता.

"अभिनंदन, आढावबाई," तो म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला, आणि मागच्या खोलीत जो शिरला तो पंधरा दिवस तिच्यासमोर आला नाही. ती मंदिरात उजवीकडे बसायची. डावीकडच्या बाकाचं टोक मोकळं असायचं.

तिची पुण्याची सोय झाली. कॉलेज, मुलींचं वसतिगृह, सगळं सरांनी पत्रं लिहून ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी ती आपण होऊनच मागच्या खोलीत गेली.

शांतवनने फळीवरून एक पुस्तक काढलं. निळा पुठ्ठा, कापडाची पाठ. सहाही वाटण्या पुन्हा एकत्र शिवलेल्या.

"वर्गाला नव्या प्रती आल्या. सर म्हणाले, ही आढावबाईंना द्या."

तिने पानं चाळली. समास कोरे होते.

"लिहिलेलं... कुठे गेलं?"

"खोडलं. शाळेचं पुस्तक ना ते."

"सगळं खोडलं?"

"दिसत होतं ते सगळं." तो सुरीला धार लावू लागला. सुरीला धार आधीच होती.

मार्थाला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. वर्षभर शनिवारची वाट पाहिली ती काय यासाठी? दोन पैशांच्या रबराने पुसून टाकायला? घरी येऊन तिने पुस्तक ट्रंकेत टाकलं. मग बाहेर काढलं. निदान तो केशरी डाग तरी राहिला असेल, म्हणून शोधायला बसली. डाग होता. पण ते सगळं पानच डोक्यावर उभं होतं. तिने आजूबाजूची पानं पाहिली. तिसरा जुज सबंध उलटा शिवलेला.

ती थबकली. शांतवन भालेरावच्या हातून जुज उलटा शिवला जाईल? बोलत बोलत शिवतानाही ज्याचा दोरा कधी तिरका गेला नाही त्याच्या हातून? आणि 'दिसत होतं ते सगळं' असं का म्हणाला तो?

तिने मावशीच्या डब्यातली कात्री घेतली आणि तिसऱ्या जुजाचा दोरा कापला. पानं सुटली. मधोमध, घडीच्या आत, जिथे शिवण बसते आणि पुस्तक कितीही उघडलं तरी नजर पोचत नाही, तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं:

'मार्था, समासातलं चार जणांनी वाचलं. हे फक्त उसवणाऱ्यासाठी. माझा तुमच्यावर जीव आहे. नापास माणसाने हे तोंडाने बोलू नये, कारण तुम्ही दयेपोटी थांबाल आणि कॉलेज राहील. म्हणून शिवून टाकतो. कधी उसवलं नाहीत तरी काही बिघडत नाही. शिवण पक्की आहे.'

तिने ते दोनदा वाचलं आणि पदर तोंडाला लावून रडली. या खेपेला राग मुळीच नव्हता. इतका हुशार माणूस आणि इतका वेडा, असं तिला वाटलं. मग तिने पेन्सिल शोधली.

दुपारी मावशी आली तर भाची गोधडीची सुई आणि लाल दोरा घेऊन पुस्तक शिवत बसलेली.

"ह्ये काय आरंबलंस?"

"जुजबंदी."

मावशीने ती वाकडीतिकडी शिवण पाहिली. "कान्ह्याची हाय व्हय ही जुजबंदी?" म्हणाली, आणि उत्तराची वाट न पाहता तांदूळ निवडायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनवर बारीक झिमझिम होती. रणपिसे सर आले होते, मावशी आली होती, बालवर्ग रांगेत उभा होता. मुंबईकडून आलेली गाडी फलाटाला लागली. घाट चढायला मागे जोडलेलं इंजिन सोडेपर्यंत ती थांबणार होती. मार्था डब्यात बसली. शांतवन सगळ्यात मागे उभा होता, हातात खरंच एक धुतलेला रुमाल घेऊन.

तिने खिडकीतून हाक मारली. तो आला.

"हे तुमचं पुस्तक. पुढच्या मार्चला लागेल."

"मी... पुन्हा बसायचं अजून ठरवलं नाही."

"मी ठरवलंय."

त्याने पुस्तक घेतलं. पाठीवर लाल दोरा बाहेर डोकावत होता. बाइंडरच्या कपाळावर आठी पडली. "ही शिवण कुणाची?"

"वाईट आहे?"

"फार वाईट आहे. आणि तिसरा जुज अजून उलटाच..." तो थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने नजर हटवली नाही.

"मग उसवा की," ती हळूच म्हणाली.

मागे कुठेतरी साखळी खणखणली. इंजिन सुटत होतं. शांतवनने खिशातून सुरी काढली. लाल दोरा तुटला. घडीत त्याच्या ओळींखाली तिच्या ओळी होत्या:

'मी थांबणार नाही, कॉलेजात जाणार. आणि तुमच्यावाचूनही राहणार नाही. पास-नापासाचा यात काही संबंध नाही. शिवून टाकायची गोष्ट आहे का ही? वेडे आहात.'

शिट्टी झाली. पावसाचे थेंब पानावर पडू लागले, तसा शांतवनने जुज रुमालात गुंडाळला आणि चालत्या गाडीबरोबर चालत तो तिच्या हातात दिला.

"हा तुमच्याकडे ठेवा," तो म्हणाला. "मार्था... समास कोरा आहे. इंग्रजी घाला त्यात. येत्या शनिवारी टपालाने पाठवा."

"आणि तुम्ही?"

"यादीत तुमच्या खाली माझंच नाव आहे ना आता? मी वाट पाहीन."

गाडीने वेग घेतला. फलाटावर बालवर्ग हात हलवत "टाटा, बाई" म्हणून ओरडत होता. शालूबाईने डोळे पुसले आणि वळून पाहिलं. सुटलेल्या पानांचं पुस्तक छातीशी धरून तो अजून गाडीकडे बघत उभा होता, नखशिखान्त भिजत.

"चल रं शांतवन, घरी," ती म्हणाली. "च्या करती." या खेपेला तिनेही भाऊ म्हटलं नाही.