हरवलेली अभिप्रायवही

वस्तुसंग्रहालयाची अभिप्रायवही चोरीला गेली आणि संचालकांनी दाजींना बोलावून घेतलं. दाजी खाजगी तपासाची कामं घेत. सोबत नेहमीप्रमाणे मेहुणा होताच.

"एका वहीसाठी तपास?" मेहुण्याला हसू आलं.

"उद्या समितीची बैठक आहे," संचालक म्हणाले. "गाइड ठेवायचा की कानाला लावायची यंत्रं आणायची, ते अभिप्राय वाचून ठरणार. काल सकाळीच मी वहीजवळचं पेन काढून पेन्सिल बांधली. संध्याकाळी वही गायब."

"बाहेर नेली असेल?"

"शक्य नाही. फाटकावर माझ्यासकट सगळ्यांच्या पिशव्या तपासतात."

गाइडला सगळे मास्तर म्हणत. सव्वीस वर्षं ते शाळांच्या सहली दालनांतून फिरवत होते. ते एका मातीच्या दिव्यापाशी भेटले.

"मी कशाला चोरू? पोरं माझ्याबद्दल चांगलंच लिहितात," असं म्हणून ते दिव्याची गोष्ट सांगू लागले. मधेच अडले, बाजूच्या खांबाकडे पाहिलं आणि पुढे सुरू झाले.

खांबामागे चिठ्ठी होती. 'दिवा. कुंभारणीची गोष्ट. मग उजवीकडे.'

"प्रेक्षकांची सोय," मेहुणा म्हणाला.

"प्रेक्षक उभे राहतात तिथून ती दिसतच नाही."

तिकीटखिडकीत मास्तरांची बायको बसे. काचेवर तिच्या हातची पाटी होती, 'रांगेत उभे राहा.'

"आठवडाभर मी आत पाऊल टाकलेलं नाही," ती फटकन म्हणाली. "आणि पोरांनी पेन्सिलीनं खरडलेल्यावरून माणसाची नोकरी ठरवायची?"

संध्याकाळी दाजींनी तिघांना तिकीटघरात बसवलं.

"बाई, पेन्सिल कालच आली. आत न जाता तुम्हाला कशी कळली? चिठ्ठीचं अक्षर या पाटीचंच आहे. मास्तर विसरायला लागलेत, म्हणून चिठ्ठ्या तुम्ही लावल्यात. पोरांच्याही ते लक्षात आलं, म्हणून वही उचललीत. ती बाहेर गेलेली नाही. म्हणजे इथेच आहे."

तिनं तिकिटांच्या गठ्ठ्यांखालून वही काढली. "निवृत्तीला दोनच वर्षं राहिली होती हो त्यांच्या," ती संचालकांना म्हणाली.

मास्तरांनी तिच्या हातून वही घेतली आणि शेवटचं पान मोठ्यानं वाचलं. 'काकांनी दिव्याची गोष्ट तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा कुंभारणीचं नाव वेगळं होतं.'



"मीच सांगत असतो पोरांना, नीट बघा आणि दिसेल तेच लिहा," मास्तर म्हणाले. त्यांनी वही संचालकांपुढे सरकवली. "शिकलीत पोरं."