राष्ट्रसंघवाले मास्तर

सोलापूरच्या त्या वाचनालयात पुण्याचं वर्तमानपत्र एकच यायचं, आणि त्या दिवशी त्याचीही पानं सुटी झाली होती. पहिलं पान मुलींच्या शाळेतल्या प्रेमलाबाईंच्या हाती लागलं. ॲबिसिनियाच्या युद्धाची बातमी ऐन रंगात आली आणि खाली छापलेलं – पुढील मजकूर पान पाचवर. पान पाच समोरच्या खुर्चीतले वेणीमाधव मास्तर वाचत होते.

"तुमचं झालं की द्याल?" तिनं विचारलं.

"आधी तुम्ही सांगा, हे युद्ध सुरू कसं झालं? मला नुसता शेवटच मिळालाय की."

ती हसली... आणि परक्या माणसासमोर हसलो म्हणून स्वतःवरच चिडली.

मग संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला की दोघं त्याच टेबलाशी, आणि भांडण ठरलेलं. इटलीनं ॲबिसिनियावर चाल केली होती, पण मास्तरांचा सगळा भरवसा जिनिव्हाच्या राष्ट्रसंघावर. पन्नास राष्ट्रं एक झाली तर इटलीची काय बिशाद, असं ते तावातावानं म्हणायचे. बोलताना कपाळावरची बट मागे सारायचे – मग प्रेमलाला पुढचं काही ऐकू यायचं नाही.

नोव्हेंबरात राष्ट्रसंघानं इटलीवर बहिष्कार घातला. मास्तर खुशीत होते. "बघा, आता घोडे, खेचरं, गाढवं... इटलीला काही मिळायचं नाही."

"आणि तेल?"

"तेलाचा... विचार चालू आहे."

"म्हणजे विमानं उडणार. गाढवं तेवढी घरी बसणार."

मास्तर मनापासून हसले. प्रेमलाला मात्र हसू आलं नाही. "रविवारी होटगीची मंडळी मला बघायला येतायत," ती म्हणाली. "अप्पांनी जवळजवळ ठरवलंच आहे."

मास्तरांचा चेहरा उतरला. "हे... हे मला मुळीच मान्य नाही."

"मग?"

"थोरल्या भावाला, दादांना, नाशिकला पत्र टाकतो. त्यांचा होकार आला, की ते रीतसर..."

"म्हणजे इथंही विचार चालू आहे." तिचे डोळे भरून आले. मास्तरांना ते दिसू नये म्हणून ती भराभर पायऱ्या उतरून गेली.

शनिवारी संध्याकाळी घरी ओसरीवरून ओळखीचा आवाज आला आणि प्रेमला आतल्या दाराआड येऊन उभी राहिली.

"बसा की, मास्तर," अप्पा झोपाळ्यावरून म्हणाले. "काय काम काढलंत?"

"प्रेमलाबाईंना मागणी घालायला आलोय."

झोपाळा थांबला. "मागणी अशी घालतात होय? बरोबर वडीलधारं कुणी नाही?"

"दादांच्या उत्तराची वाट पाहिली असती तर उशीर झाला असता. ते नाही म्हणाले तरी मी मागे फिरणार नाही."

"म्हणजे एकटेच आलात."

मास्तर कोटाचं बटण पिरगाळत राहिले. एरवी राष्ट्रसंघावर तासभर बोलणाऱ्या या माणसाला शब्द सापडेना. प्रेमलाला त्यांचं इतकं प्रेम वाटलं, की अप्पांची भीतीसुद्धा मागे पडली. ती उंबरा ओलांडून बाहेर आली आणि मास्तरांच्या शेजारी उभी राहिली.

"एकटे नाहीत, अप्पा."